लेकरू चालेपर्यंत, बोलेपर्यंत थांबू नका

"चालायला लागलं की नेऊ." "दोन शब्द बोललं की अंगणवाडीत घालू." "थोडं सुधारू द्या, मग पाहुण्यांत नेऊ." नांदेड-लातूरकडच्या ज्या घरात उशिरा चालणारं, उशिरा बोलणारं किंवा शब्द अडखळत उच्चारणारं लेकरू आहे, त्या घरात ही वाक्यं वर्षानुवर्षं बोलली जातात. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. लेकराकडे कुणी टक लावून पाहू नये, त्याच्या आईला कुणी टोचून बोलू नये, एवढीच काळजी असते. पण याच काळजीपोटी लग्नसराईत सगळं घर मांडवात आणि लेकरू आजीजवळ घरी, असं होत जातं. गल्लीतली त्याच्या वयाची पोरं त्याला नावानं ओळखत नाहीत. ते सहा-सात वर्षांचं होतं तेव्हा त्याच्या वाट्याला एक खोली, दोन-चार माणसं आणि दवाखान्याची वाट एवढंच आलेलं असतं.

हा लेख अशा आईबापांसाठी आहे. तितकाच तो त्यांच्या शेजाऱ्यांसाठी, नातेवाइकांसाठी, अंगणवाडी ताईंसाठी आणि शाळेतल्या गुरुजी-बाईंसाठी आहे. सांगायचं आहे ते एकच: उपचार आणि माणसांत वावरणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू हव्यात. बोलणं माणसांत राहूनच येतं. चार जणांत बसायचं, खेळायचं, मागायचं, नाही म्हणायचं, रुसायचं, यातून भाषा तयार होते. आधी बोल आणि मग माणसांत ये, अशी अट घातली तर बोलणं येण्याची वाटच आपण बंद करतो.

झालंय काय, हे आधी समजून घ्या

बोलणं आणि हालचाल या दोन्हींत अडचण असण्याचं एक मोठं कारण म्हणजे सेरेब्रल पाल्सी, म्हणजेच सीपी. गर्भात असताना, जन्मावेळी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात मेंदूच्या ज्या भागातून हालचालींवर ताबा राहतो, त्या भागाला इजा झालेली असते. बाळ फार लवकर जन्मलं, वजन खूप कमी होतं, जन्मल्यावर लगेच रडलं नाही, कावीळ फार वाढली, मेंदूज्वर झाला, अशी कारणं यामागे असू शकतात. बऱ्याच वेळा नेमकं कारण सापडतही नाही. अशा लेकराचे हातपाय ताठ राहतात किंवा ढिले पडतात, तोल सांभाळता येत नाही. ओठ, जीभ, घसा आणि श्वास हेसुद्धा स्नायूंवरच चालतात. म्हणून उच्चार अस्पष्ट येतात, लाळ गळते, घास गिळायला वेळ लागतो. मेंदूला झालेली ही इजा पुढे वाढत जात नाही, आणि ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. अशा लेकराजवळ बसल्यानं, त्याच्यासोबत जेवल्यानं कुणाला काहीही होत नाही.

बोलणं उशिरा येण्याला इतरही कारणं असतात. ऐकू कमी येणं, स्वमग्नता, बौद्धिक वाढ सावकाश होणं, फाटलेली टाळू, किंवा बाकी सगळं ठीक असून फक्त भाषा मागं राहणं. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, म्हणून अंदाजानं कोणताही शिक्का मारू नये.

काही समजुती मात्र ठामपणे बाजूला ठेवल्या पाहिजेत. ग्रहणात आईनं भाजी चिरली म्हणून असं झालं, कुणाची नजर लागली, मागच्या जन्मीचं काही आडवं आलं, यातलं काहीही खरं नाही. या समजुतींचा सगळा भार आईच्या डोक्यावर येतो आणि उपचाराचे महिने वाया जातात. जिभेला मध किंवा वेखंड चोळून वाचा फुटत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध देऊच नये, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

आणखी एक गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतो: बोलता येत नाही म्हणजे समजत नाही. मुंबईच्या मालिनी चिब यांना जन्मापासून सीपी आहे. त्यांचं बोलणं नवख्या माणसाला कळायला अवघड जातं. त्यांच्या आई डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत अशा मुलांसाठी शाळा सुरू केली. मालिनी पुढे लंडनला शिकल्या, दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि 'वन लिटल फिंगर' हे आत्मचरित्र एका बोटानं टाइप करून लिहिलं. प्रत्येक लेकरू इतकं शिकेल असं नाही. काहींना बौद्धिक अडचणही असते. पण लेकराला किती समजतं, हे त्याच्या जिभेवरून ठरवता येत नाही. त्याला सगळं समजतं असं धरूनच बोलायला सुरुवात करावी.

शंका आली की तपासणी, त्याच महिन्यात

'त्याचा बापबी तीन वर्षांचा होऊन बोलला होता' हे वाक्य घराघरांत असतं. ते एखाद्या घरापुरतं खरंही असेल. पण तपासून घेतल्यानं काही बिघडत नाही, थांबल्यानं बिघडतं. पहिली काही वर्षं मेंदू फार झपाट्यानं शिकत असतो. म्हणून पुढच्या खुणा दिसल्या तर डॉक्टरांना दाखवा:

- चार महिने होऊनही मान धरत नाही, नऊ महिने होऊनही आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्ष होऊनही चालत नाही.
- वर्षाच्या आतच कायम एकच हात वापरतं, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेलीच राहते.
- पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, किंवा उभं केल्यावर फक्त चवड्यांवर उभं राहतं.
- वर्ष झालं तरी बडबड नाही, बोट दाखवणं नाही, टाटा करणं नाही.
- दीड वर्ष झालं तरी एकही शब्द नाही, दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नाही.
- आलेले शब्द किंवा आलेली हालचाल गेली. हे कोणत्याही वयात झालं तरी लगेच दाखवा.

अंगणवाडीतून मिळालेल्या माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. ते कार्ड लसीकरण संपलं म्हणून ट्रंकेत टाकू नका, समोर ठेवा.

सरकारी वाट अशी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मतः असलेले दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर या चारही गोष्टी ते पाहतं आणि गरज असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतं. पथक येईल त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. पथक येऊन गेलं असेल तर आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्या. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था इथल्या बालरोग आणि कान-नाक-घसा विभागांत दाखवता येतं. लातूरजवळ हरंगुळला जनकल्याण समितीचं 'संवेदना' हे सीपी असलेल्या मुलांसाठीचं केंद्र आहे. लातूरमध्येच स्वमग्न आणि बहुविकलांग मुलांसाठी 'उमंग' ही संस्था काम करते. लांबून येणार असाल तर आधी फोन करून वार आणि वेळ विचारा, म्हणजे मजुरी बुडवून केलेली खेप वाया जात नाही.

बोलण्याची कोणतीही तक्रार असो, पहिली तपासणी कानांची. ताट वाजवलं की वळून बघतं, म्हणजे ऐकू येतं, असं धरू नका. काही मुलांना मोठे आवाज ऐकू येतात, पण बोलण्यातले बारीक आवाज पोहोचत नाहीत.

थेरपीसाठी दर आठवड्याला जिल्ह्याला जाणं अनेकांना जमणार नाही. म्हणून थेरपिस्टला स्पष्ट विचारा, "घरी रोज काय करायचं, करून दाखवा." मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घ्या. मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोटकडून जी घरं ऊसतोडीला जातात, त्यांनी निघण्याआधी पुढच्या सहा महिन्यांचे व्यायाम शिकून घ्यावेत आणि उपचाराचे कागद सोबत न्यावेत. जिथं राहायची कोपी पडेल तिथल्या अंगणवाडीत पहिल्याच आठवड्यात लेकराचं नाव सांगावं.

स्वीकार घरातून सुरू होतो

गावानं लेकराला कसं वागवायचं, हे गाव घराकडे पाहून शिकतं. घरात त्याचं ताट सगळ्यांसोबत मांडलं जातं का, त्याच्या नावानं हाक मारली जाते का, पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत नेतात की पुढच्या खोलीत बसवतात, हे लोक पाहतात.

पहिली गोष्ट, दोष देणं बंद. सासूनं सुनेला, नवऱ्यानं बायकोला, माहेरच्यांनी सासरच्यांना. डॉक्टरांनी कारण समजावून सांगितलं की ते घरातल्या मोठ्यांनी स्वतः ऐकलं पाहिजे. म्हणून दवाखान्यात एकट्या आईला पाठवू नका. बापानं जावं, जमेल तेव्हा आजी-आजोबांनीही जावं. आजोबांनी पारावर बसून एकदा म्हटलं, "नातवाला सीपी आहे, डॉक्टरनं सांगितलंय, त्यात कुणाचा दोष नाही," की निम्मी कुजबुज थांबते. आईनं तेच शंभर वेळा सांगितलं तरी इतका फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट, लेकरासमोर त्याच्याबद्दल असं बोलू नका, जणू ते तिथं नाहीच. "याला काही येत नाही," "माझ्यामागं याचं कसं व्हायचं," ही वाक्यं ते रोज ऐकतं. ती काळजी खरी आहे, पण ती त्याच्या कानांवर पडू नये.

तिसरी, भावंडांना खरं सांगा. चार वर्षांच्या बहिणीलाही कळतं, "दादाच्या पायाला मेंदूचा निरोप नीट जात नाही, म्हणून तो हळू चालतो." तिच्यावर सांभाळण्याचं ओझं मात्र टाकू नका. तिलाही तिचा खेळ, तिची शाळा आणि आईबापांचा वेळ हवा.

चौथी, घरातली भाषा सोडू नका. आपल्याकडे तांड्यावर गोरमाटी बोलतात, देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, उदगीर-देवणीकडे कन्नड, शहरांत दखनी उर्दू. दोन भाषा कानांवर पडतात म्हणून लेकरू बोलत नाही, असं नसतं. आई ज्या भाषेत हसते-रागावते, त्याच भाषेत तिनं भरपूर बोलावं. शाळेसाठी म्हणून मोडक्या मराठीत किंवा इंग्रजीत बोलायला लागलं, तर लेकराला मिळणारी भाषाच कमी होते.

त्याच्याशी बोलायचं कसं

हा भाग घरच्यांनी आणि बाहेरच्यांनीही वाचावा. लांब राहणारी बरीच माणसं वाईट नसतात, त्यांना फक्त काय करावं कळत नाही.

समोर बसा, डोळे त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. छोटं वाक्य बोला आणि मग थांबा. मनात दहा आकडे मोजा. सीपी असलेल्या लेकराला तोंडाचे स्नायू जुळवून आणायलाच तेवढा वेळ लागतो. आपण तिसऱ्या आकड्यालाच त्याच्याऐवजी उत्तर देतो आणि त्याचा प्रयत्न वाया जातो.

'म्हण पाणी, म्हण, म्हण ना' असा तगादा लावू नका. चार माणसांसमोर तर कधीच नाही. त्यापेक्षा दोन वस्तू समोर धरा: केळ की बिस्कीट? ते ज्याकडे बघेल, हात नेईल, आवाज काढेल, ते उत्तर मानून ती वस्तू द्या आणि शब्द तुम्ही म्हणा, "केळ हवं, घे केळ." आपण काही सांगितलं आणि समोरच्यानं ते ऐकलं, हा अनुभव मिळाला की सांगण्याची इच्छा वाढते.

'हो' आणि 'नाही'ची पक्की खूण ठरवा. डोळे मिटणं म्हणजे हो, मान फिरवणं म्हणजे नाही, जी जमेल ती. ती खूण घरातल्या प्रत्येकाला, शेजारच्या मुलांना आणि अंगणवाडी ताईंना शिकवा. एका पुठ्ठ्यावर पाणी, भूक, शी-शू, दुखतंय, खेळायचं, बाहेर जायचं, नको, अशी सात-आठ चित्रं चिकटवा. आयआयटी मुंबईतून तयार झालेलं 'जेलो' हे मोबाइल अ‍ॅप चित्रावर बोट ठेवलं की शब्द बोलून दाखवतं, आणि ते मराठीतही चालतं. चित्रांमुळे लेकरू बोलायचा आळस करेल, ही भीती मनातून काढून टाका. खुणा आणि चित्रं वापरल्यानं बोलणं मागं पडत नाही, उलट संवादाची चिडचिड कमी होते.

त्याचं बोलणं कळलं नाही तर कळल्यासारखं हसून वेळ मारून नेऊ नका. सरळ म्हणा, "मला कळलं नाही रे, परत सांग. दाखवतोस का?" हा मोठ्या माणसाला देतो तसाच मान आहे.

लोक विचारतील तेव्हा

एसटीत, बाजारात, दवाखान्याच्या बाकड्यावर अनोळखी माणसं विचारतात. प्रत्येक वेळी मन घट्ट करून नवं उत्तर शोधण्यापेक्षा दोन-तीन वाक्यं तयार ठेवावीत.

"काय झालंय याला?" असं कुणी विचारलं तर: "जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली. हातपाय ताठ राहतात, बोलायला वेळ लागतो. पण समजतंय सगळं. तुम्ही बोला की त्याच्याशी."

"बरं होईल का?" याला: "शिकायलंय हळूहळू."

"अमक्या ठिकाणी नेऊन बघा, उतारा करा," याला: "उपचार चालू आहेत. तुमच्या पोरांना आमच्याकडं खेळायला पाठवा, त्याचा लई उपयोग होईल."

आणि कधीकधी उत्तर द्यायची इच्छाच नसते. तेव्हा "आज नको" म्हणून विषय बदलावा. आईबाप प्रत्येकाला खुलासा द्यायला बांधलेले नाहीत.

आता शेजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी काय करावं. 'अरेरे' म्हणू नका. लेकराच्या हातात पैसे ठेवू नका. 'मुका', 'लुळा', 'येडा' ही विशेषणं स्वतः वापरू नका आणि आपल्या पोरांनी वापरली तर तिथल्या तिथे थांबवा. तुमचं मूल मोठ्यानं विचारेल, "हा असा का चालतो?" त्याला दटावून ओढत नेलं तर ते एवढंच शिकतं की या मुलाकडं बघायचं नसतं. त्याऐवजी सांगा, "त्याचे पाय वेगळे चालतात. चल, त्याला नाव विचारू." बारसं, वाढदिवस, हळदीकुंकू यांचं आमंत्रण देताना लेकराचं नाव घेऊन बोलवा: "समीरला घेऊनच या." त्या एका वाक्यानं आईचं दडपण कितीतरी कमी होतं. आणि खरी मदत करायचीच असेल, तर आठवड्यातून एक तास लेकराजवळ बसा, म्हणजे आईला अंघोळ, बाजार किंवा नुसती विश्रांती मिळेल.

गल्लीतल्या खेळात जागा

लहान भावंडाला 'कच्चा लिंबू' करून खेळात घ्यायची रीत चांगली आहे. त्याला राज्य येत नाही, ते आऊट होत नाही. पण हे लेकरू कायम कच्चा लिंबूच राहिलं, तर ते खेळात असूनही खेळाबाहेर असतं. त्याला खरं काम द्यायला हवं. क्रिकेटमध्ये टॉस त्याचा, आणि बॅट धरता येत असेल तर बसून दोन चेंडू त्याचे. लपंडावात चाकाच्या खुर्चीवरचं लेकरू जोडीनं लपू शकतं. पत्ते, सागरगोटे, सापशिडी, चित्रं रंगवणं, गाण्याच्या भेंड्यांत ताल धरणं, हे खेळ बसूनही होतात. नियम कसा बदलायचा, हे पोरांनाच विचारा. मोठ्यांना सुचत नाहीत असे उपाय ती काढतात.

सुरुवात दोन मुलांपासून करा. पंधरा पोरांच्या गलक्यात लेकरू घाबरतं. शेजारच्या दोघांना रोज अर्धा तास घरी बोलवा, घरातलंच एखादं खेळणं काढा, तुम्ही पहिले काही दिवस जवळ बसा आणि मग हळूहळू दूर व्हा. हेच दोघं पुढे गल्लीत त्याचे दोस्त म्हणून उभे राहतात आणि कुणी चिडवलं तर उत्तरही देतात.

अंगणवाडी आणि शाळा

केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल आणला. अडचण लवकर ओळखणं, मुलाला अंगणवाडीत सामावून घेणं आणि पुढच्या उपचाराशी जोडून देणं, हे त्याचे मुख्य भाग आहेत. म्हणजे 'चालत नाही, म्हणून घेता येत नाही' असं अंगणवाडीला म्हणता येत नाही. ताईंवर कामाचा भार मोठा आहे हेही खरं. म्हणून पहिले पंधरा दिवस आईनं किंवा आजीनं सोबत बसावं, लेकराच्या खुणा, खाण्याची पद्धत आणि बसवण्याची रीत दाखवावी. ताईंनी त्याला भिंतीकडेला कोपऱ्यात न बसवता गोलात बसवावं. पाठीला टेकू आणि पाय जमिनीला टेकलेले असले की हात आणि तोंड दोन्ही चांगलं चालतं. बडबडगीतात त्याचा आवाज आला नाही तरी टाळीची किंवा डफलीची थाप त्याची असू द्या. खाऊ देताना ताठ बसवून, छोटे घास, घाई न करता. मान मागं टाकून कधीही भरवू नये, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

शाळेच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानलेलं आहे. सीपी, वाचा-भाषा दोष, श्रवणदोष आणि स्वमग्नता ही सगळी त्यात येतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्यायही आहे. पण तो पालकांनी निवडायचा पर्याय आहे. शाळेनं अंग काढून घेण्यासाठी तो पुढे करू नये.

प्रवेश नाकारला तर तोंडी भांडण्यात वेळ घालवू नका. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. समग्र शिक्षाअंतर्गत तालुक्याला विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलवून घ्या. तिथंही अडलं तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

गुरुजी-बाईंना काही विनंत्या. या मुलाला पहिल्या ओळीत, दाराजवळ बसवा. तोंडी प्रश्नाला तोंडीच उत्तर हवं, हा हट्ट सोडा. बोट ठेवून, कार्ड उचलून किंवा मान हलवून दिलेलं उत्तर तितकंच खरं. मोठ्यानं वाचायची पाळी त्याच्यावर अचानक आणू नका, आदल्या दिवशी सांगा म्हणजे ते एक ओळ घोकून येईल. शौचालयापर्यंत ते कसं जाईल, हे पहिल्याच दिवशी ठरवा. या एका कारणानं कितीतरी मुलं शाळेत पाणी पीत नाहीत आणि शेवटी शाळाच सोडतात. आणि स्नेहसंमेलनात त्याला दया वाटावी अशा भूमिकेत उभं करू नका, इतरांसारखीच भूमिका द्या.

लग्न, जत्रा, प्रवास

इथंच आईबापांचं धैर्य सगळ्यात जास्त लागतं. म्हणून छोट्या पायरीनं सुरुवात करा. आधी आठवडी बाजार, अर्धा तास. मग जवळच्या नात्यातलं बारसं. मग लग्न. यजमानांना आधीच सांगा, "आम्ही लवकर येऊ, सावलीत आणि पंख्याखाली जागा ठेवा." डीजेचा आवाज आणि फटाके यांनी काही लेकरं दचकतात, अंग आणखी ताठ होतं. अक्षता पडेपर्यंत मंडपात आणि वरात निघायच्या आधी घरी, असंही चालतं. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात पाणी घोटघोट, ताठ बसवून, सारखं देत राहा. रुमाल, बदलायचे कपडे, मऊ भात आणि रोजची औषधं पिशवीत ठेवा. फिट येत असतील तर त्या औषधाची वेळ चुकवू नका.

माळेगावची खंडोबाची जत्रा असो की महाशिवरात्रीची लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा, गर्दीच्या मुख्य दिवसाआधी किंवा सकाळी लवकर जा. जत्रा समित्यांनीही चाकाची खुर्ची जाईल एवढी वाट आणि दर्शनासाठी वेगळी सोय ठेवावी. एसटीत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे आणि तीव्र दिव्यांगत्व असेल तर सोबत्यालाही सवलत मिळते.

कागद करून ठेवा

अनेक आईबाप प्रमाणपत्र काढत नाहीत, कारण 'कपाळावर शिक्का बसेल' असं वाटतं. प्रमाणपत्रानं लेकरू बदलत नाही, त्याचे हक्क मात्र हातात येतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. लहान मुलांना बऱ्याचदा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, ती तारीख लिहून ठेवा. सीपी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाला आधार देते. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उभं राहून विचारा, आमच्या गावाचा हा निधी यंदा कशावर खर्च झाला? शाळेला आणि अंगणवाडीला उतार करून मागा. ही भीक नाही, हा हिशेब आहे.

आणि कुणी चारचौघांत मुद्दाम अपमान केला, तर २०१६ च्या कायद्याचं कलम ९२ लक्षात ठेवा. दिव्यांग व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी हेतुपुरस्सर अपमानित करणं हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रत्येक वेळी पोलिसांत जावं असं नाही. पण कायदा आपल्या बाजूनं आहे हे माहीत असलं की आवाज ठाम राहतो.

या आठवड्यात काय कराल

आईबापांनी एक करावं: ज्या ठिकाणी लेकराला आजवर नेलं नाही, असं एक ठिकाण निवडून तिथं अर्ध्या तासासाठी न्यावं. सोबत दुसऱ्या अशाच घरातली आई असेल तर आणखी चांगलं. तालुक्यात अशी आठ-दहा घरं सहज सापडतात. त्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसलं, तर थेरपिस्टला गावाजवळ बोलावता येतं, प्रवासाचा खर्च वाटून घेता येतो आणि ग्रामसभेत एकटं उभं राहावं लागत नाही.

शेजाऱ्यांनी एक करावं: त्या घरी जाऊन लेकराला नावानं हाक मारावी, उत्तराची वाट पाहावी. शिक्षकांनी एक करावं: शाळेत न येणारं असं एक मूल शोधून त्याच्या घरी जावं. सरपंचांनी एक करावं: अंगणवाडीच्या दाराशी उतार आहे का, ते स्वतः जाऊन पाहावं.

लेकराचे पाय किती चालतील आणि जीभ किती वळेल, हे पूर्णपणे आपल्या हातात नाही. त्यासाठी उपचार, कष्ट आणि वेळ लागेल, आणि तरीही काही अडचणी राहतील. पण त्याला गल्लीत मित्र असावेत, मांडवात जागा असावी, वर्गात त्याचं नाव पुकारलं जावं, हे पूर्णपणे आपल्या हातात आहे. त्यासाठी कोणत्याही डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज नाही, आणि ते आजपासून करता येतं.